रुग्णाचा शेरा कुठवर पोचला?

2007 साली राज्यात आरोग्यसेवेवर ‘लोकाधारित देखरेख’ सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत मराठवाड्यातला एकच होता, तेव्हाचा उस्मानाबाद. परभणी नव्हती. ग्रामीण आरोग्य अभियानाला जेमतेम दोन वर्षे झाली होती. दवाखाना कसा चालतो ते साहेबांच्या भेटीतून नव्हे, गावाला विचारून ठरवायचे, हे खात्याला नवेच होते. राज्यातल्या कामाची सूत्रे पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे होती.

प्रश्न साधे होते. नर्सबाई गावात येतात का? डॉक्टर मुक्कामी असतात का? औषधाची चिठ्ठी बाहेरची देतात का? कोणी पैसे मागितले का? उत्तरांवरून प्रगतिपत्रक भरायचे: हिरवे, पिवळे, लाल. मग जनसुनवाई. पहिल्या फेरीत ‘चांगले’ शेरे 48 टक्के होते, तिसरीत 66. मला आकड्यांपेक्षा जनसुनवाईचा मांडव मोलाचा वाटतो. तिथे अधिकाऱ्याला सगळ्यांदेखत उत्तर द्यावे लागे. बाहेरची चिठ्ठी, पैशांची मागणी असे विषय तिथल्या तिथे हलत. रिक्त पदे आणि औषधखरेदी मात्र मुंबईच्या हातात, त्यापुढे मांडवाचे काही चालत नसे.

पुढे ही प्रक्रिया बीड, औरंगाबादेत आली. देखरेख समित्या गाव, आरोग्य केंद्र, तालुका, जिल्हा आणि राज्य अशा पातळ्यांवर होत्या. यात आरोग्य मंडळ, म्हणजे काही जिल्ह्यांवरचे उपसंचालकांचे कार्यालय, कुठेच नव्हते! परभणी, हिंगोली, जालना आणि छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद) हे चार जिल्हे ज्या उपसंचालकांच्या कार्यालयाखाली येतात, त्याचे प्रगतिपत्रक रुग्णांनी भरावे अशी सोयच नव्हती. उपकेंद्राच्या नर्सबाईला लाल शेरा मिळू शकत होता, मंडळाला नाही.

2016 मध्ये केंद्राचे ‘मेरा अस्पताल’ आले. रुग्ण घरी गेल्यावर मोबाइलवर विचारणा. सोपे आहे, पण उत्तर कोणाच्या टेबलावर गेले हे रुग्णाला दिसत नाही.

परभणीकरांनी आपले मत 2021 मध्ये रस्त्यावर येऊन दिले. मागणी होती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची, कारण गंभीर रुग्ण नांदेडला नाहीतर औरंगाबादला न्यावा लागे. 2023 मध्ये महाविद्यालय सुरू झाले, जिल्हा रुग्णालय त्याला जोडले गेले. आता जिंतूर तालुक्यातली बाळंतीण आधी जिल्हा परिषदेच्या आरोग्य केंद्रात जाते, तिथून आरोग्य खात्याच्या रुग्णालयात, आणि अडलीच तर परभणीला, वैद्यकीय शिक्षण खात्याच्या महाविद्यालयात. तिघांचे वरिष्ठ वेगळे. या सगळ्या वाटेबद्दल तिला एकदाच, एका जागी विचारील असा मांडव अजून कोणी घातलेला नाही.