जड गोळी : खडकीची फॅक्टरी ते मॅग्नम रिव्हॉल्वर

रिव्हॉल्वरच्या काडतुसाचे भाग चारच : पितळेची पुंगळी, तिच्या बुडातली टोपी, आतली दारू आणि तोंडाशी आवळून बसवलेली गोळी. चौघांत गोळी दिसायला सगळ्यांत साधी, पण काडतूस कशासाठी आहे हे तीच ठरवते. निशाणाच्या कागदाला स्वच्छ भोक पाडायचे, माणसाला जागीच थोपवायचे, की अंगावर येणाऱ्या जनावराच्या खांद्याचे हाड फोडून आत शिरायचे, त्याप्रमाणे तिचे वजन, तोंडाचा आकार आणि शिशाचा कडकपणा बदलतो. हे वजन जगभर आजही ग्रेनमध्ये सांगितले जाते. ब्रिटिश अमदानीतला तोळा बरोबर १८० ग्रेनचा असल्याने मराठी वाचकाला त्याचा अंदाज सहज बांधता येतो. भारतात परवानाधारकांना मिळणाऱ्या .३२ रिव्हॉल्वरची ९८ ग्रेनची गोळी अर्ध्या तोळ्याहून थोडी जास्त भरते. अमेरिकी शिकाऱ्यांच्या .४४ मॅग्नमची नेहमीची २४० ग्रेनची गोळी एक पूर्णांक एक तृतीयांश तोळ्याची असते.

गोळी आणि पुंगळी एकत्र आणण्याचे काम पुण्यात खडकीला १८६९ पासून चालू आहे. तिथली ॲम्युनिशन फॅक्टरी त्या वर्षी सुरू झाली. काळ ध्यानात घेण्यासारखा आहे. चरबी लावलेल्या कागदी काडतुसांवरून भडकलेल्या १८५७ च्या उठावाला तेव्हा जेमतेम बारा वर्षे झाली होती आणि कागदी काडतुसाची जागा धातूच्या काडतुसाने नुकतीच घेतली होती. लष्कराची त्या वेळची रायफल म्हणजे मागून भरायची .५७७ बोअरची स्नायडर. तिच्यासाठी वुलिचच्या प्रयोगशाळेतील कर्नल एडवर्ड बॉक्सर यांनी पितळी पत्र्याची गुंडाळी करून पुंगळी बनवली होती. गोळी ४८० ग्रेनची, म्हणजे अडीच तोळ्यांहून जास्त, मऊ शिशाची. बुडात भाजलेल्या मातीचे बूच. बार उडाला की हे बूच पुढे दाबले जाई, शिसे फुगे आणि नळीतल्या पिळाच्या खाचांत घट्ट बसे. चरबीच्या जागी आता मधमाश्यांचे मेण आले होते. हाताने गोळ्या ओतणारे लोक आजही वंगणात तेच मेण घालतात.

जड गोळी आणि छोटे हत्यार यांची सांगड भारतातच घट्ट झाली. हत्तीच्या हौद्यातून वाघाची शिकार करताना जखमी वाघ हत्तीवर चढू लागला, तर लांब रायफल वळवायला जागा नसे. अशा वेळेसाठी इंग्लिश कारागीर दोन किंवा चार नळ्यांची आखूड, दांडगी पिस्तुले बनवत. त्यांना हौदा पिस्तूल असेच नाव पडले. काही तर स्नायडरच्याच .५७७ काडतुसावर चालत. हात मोडेल इतका धक्का, पाचसहा हातांपलीकडे नेम नाही, पण तेवढ्या अंतरावर काम पक्के. आजच्या शिकारी मॅग्नम रिव्हॉल्वरचा पूर्वज शोधायचा तर तो अमेरिकेतल्या गुराख्याच्या कमरेला नाही, इथल्या हौद्यात सापडतो.

ब्रिटिश सैन्याच्या रिव्हॉल्वरनेही हाच मार्ग धरला. .४५५ वेब्लीची २६५ ग्रेनची गोळी वजनाला दीड तोळ्याच्या जवळ, वेगाला मंद. पहिल्या महायुद्धानंतर हलके हत्यार हवे झाले तेव्हा .३८ बोअर निवडला गेला, पण जड गोळीचा हट्ट सुटला नाही. त्यात २०० ग्रेनची उघड्या शिशाची गोळी घातली गेली. अडचण कायद्याची निघाली. शरीरात शिरल्यावर पसरणाऱ्या गोळ्यांवर १८९९ च्या हेग घोषणेने बंदी घातली होती; या बंदीमागेही कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातली ‘डमडम’ गोळीच होती. उघडे शिसे या व्याख्येत सापडेल या भीतीने दुसऱ्या महायुद्धाआधी २०० ग्रेनची गोळी मागे घेतली गेली आणि तांबूस मिश्रधातूचे आवरण चढवलेली १७८ ग्रेनची गोळी आली. या नव्या .३८० काडतुसांच्या बुडावर महायुद्धाच्या काळात ‘के’ आणि ‘एफ’ ही अक्षरे उमटलेली सापडतात. ती खडकीची खूण. इंग्रजीत गावाचे नाव तेव्हा ‘किर्की’ असे लिहीत.

मोठ्या कारखान्यातली पुंगळी ओतलेली नसते, ती ओढून काढतात. ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त असलेल्या पितळी पत्र्यातून गोल चकती कापतात, तिची वाटी करतात आणि ती वाटी एकामागून एक अरुंद होत जाणाऱ्या डायमधून दाबून लांब नळी बनवतात. प्रत्येक दाबाने पितळ कडक आणि ठिसूळ होते, म्हणून मध्ये मध्ये ते भट्टीत तापवून नरम करावे लागते आणि आम्लात धुवावे लागते. शेवटी बूड ठोकून सपाट करतात, टोपीचा खळगा पाडतात आणि त्याच ठोक्यात कारखान्याची अक्षरे उमटतात. गोळीचेही तसेच. शिसे आणि अँटिमनी यांची जाड तार काढून तिचे तुकडे थंड असतानाच साच्यात दाबतात; आवरण असेल तर ते वेगळे ओढून शिशावर चढवतात. वितळवून ओतण्यापेक्षा हे जलद होते आणि वजनात फरक कमी पडतो. ओतकाम उरले ते घरगुती कारागिरांकडे, आणि त्यांनी त्याचे शास्त्र करून टाकले.

त्यासाठी पाहावे लागते अमेरिकेकडे. आयडाहो राज्यातला पशुपालक, शिकारी आणि लेखक एल्मर कीथ (१८९९–१९८४) याचे म्हणणे सोपे होते : रिव्हॉल्वरच्या आखूड नळीत वेग फार वाढवता येत नाही, तेव्हा गोळी जड, रुंद आणि कडक करावी. त्याने आखलेल्या गोळीचे तोंड चपटे, खांदा धारदार आणि वंगणाची खाच खोल असे. .४४ बोअरमध्ये तिचे वजन २५० ग्रेनच्या आसपास. टोकदार गोळी मांस बाजूला सारत जाते. चपट्या तोंडाची गोळी समोरचे कापत जाते आणि सरळ रेषा सोडत नाही. स्मिथ अँड वेसनचे .३५७ मॅग्नम १९३५ मध्ये आले, आणि कीथने वर्षानुवर्षे लावलेल्या तगाद्यातून १९५५-५६ मध्ये .४४ मॅग्नम. दोन्हींची पुंगळी आधीच्या ‘स्पेशल’ काडतुसापेक्षा मुद्दाम सुमारे आठवा भाग इंच लांब ठेवली, ती जास्त दारूसाठी नव्हे. जास्त दाबाचे नवे काडतूस जुन्या नाजूक रिव्हॉल्वरमध्ये बसूच नये म्हणून. .४४ मॅग्नमची २४० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ४२० मीटर वेगाने सुटते आणि तिची ऊर्जा साधारण १,३५० जूल भरते. .३२ रिव्हॉल्वरची दीडशे जूलच्या आसपास असते. २००३ मध्ये आलेल्या .५०० मॅग्नममध्ये ५०० ग्रेनच्याही गोळ्या वापरतात; स्नायडर रायफलच्या गोळीपेक्षा जड गोळी आता हातातल्या हत्यारातून सुटते. याहून पुढे जाण्यात शहाणपण दिसत नाही. मनगटालाही मर्यादा आहे.

गोळी ओतण्यातली खरी कला मिश्रधातूची. शुद्ध शिसे फार मऊ असते. मॅग्नमच्या वेगाला ते नळीत घासून चिकटते आणि पिळाच्या खाचा भरून टाकते. म्हणून त्यात अँटिमनी घालतात कडकपणासाठी आणि कथील घालतात ते रस साच्याच्या प्रत्येक कोपऱ्यात जावा म्हणून. ९० भाग शिसे, ५ भाग कथील आणि ५ भाग अँटिमनी हे जुने, भरवशाचे प्रमाण. शुद्ध शिशाच्या साधारण तिप्पट कडक. हेच तीन धातू पुण्याच्या जुन्या छापखान्यांतही होते. ‘आर्यभूषण’सारख्या छापखान्यात जुळाऱ्यांनी हाताळलेले खिळे शिसे, अँटिमनी आणि कथिलाचेच, फक्त अँटिमनीचे प्रमाण जास्त. खिळ्यांची छपाई संपल्यावर परदेशात लायनोटाइपचा धातू गोळ्या ओतणाऱ्यांनी हातोहात उचलला. इकडे खिळे भंगारात वजनावर गेले.

ओतकामाची रीत पाहण्यासारखी असते. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. मिश्रधातू त्याहून बराच जास्त तापवतात. रसावर मेणाचा खडा टाकला की धूर होतो, कथील परत रसात मिसळते आणि वर येणारे हीण पळीने काढून टाकता येते. लोखंडी किंवा पितळी साच्याचे दोन भाग दांड्यांनी मिटतात. वर सरकती पट्टी, तिला भोक. रस ओतला की भोकावर छोटी ढेप गोठते, पट्टीवर लाकडी दांडा मारला की ती कापली जाते आणि साचा उघडून गोळी मऊ फडक्यावर पडते. पहिल्या काही गोळ्या नेहमी वाया जातात. साचा थंड असेल तर अंगावर सुरकुत्या उमटतात, फार तापला तर गोळी राखाडी, दाणेदार दिसते. बुडाची कड धारदार हवी. एका बाजूने बोथट बूड म्हणजे त्याच बाजूने वायू निसटणार आणि नेम चुकणार. एकाच साच्यातून शुद्ध शिशाची गोळी जास्त जड उतरते, कारण कथील आणि अँटिमनी शिशापेक्षा हलके. म्हणून साच्यावर लिहिलेल्या वजनावर विसंबत नाहीत, ओतलेली प्रत्येक गोळी तोलतात. शिशाची वाफ आणि धूळ अंगात साठते. काम उघड्या हवेत करायचे, जवळ खायचे-प्यायचे नाही, हा नियम जुन्या लोकांना उशिरा कळला. शेवटी गोळी कड्यातून दाबून नेमक्या मापाची करतात, खाचेत मेणाचे वंगण भरतात आणि फार वेगाच्या काडतुसासाठी बुडाला तांब्याची छोटी टोपली लावतात.

भरण्याचे काम त्यामानाने यांत्रिक आहे. उडालेली पुंगळी फुगलेली असते. ती डायमध्ये दाबून मूळ मापाला आणतात, जुनी टोपी काढून नवी बसवतात, तोंड किंचित उघडतात, प्रत्येक पुंगळीसाठी दारू तोलतात, गोळी बसवतात. मग येते जड गोळीची खास अडचण. सहा घरांच्या सिलिंडरमधला पहिला बार उडताच रिव्हॉल्वर जोराने मागे येते, पण उरलेल्या पाच गोळ्या जडत्वामुळे जागच्या जागी राहू पाहतात, म्हणजे आपापल्या पुंगळ्यांतून पुढे सरकतात. गोळी जितकी जड तितकी ती जास्त सरकते. एखादी सिलिंडरच्या तोंडाबाहेर आली की सिलिंडर फिरेनासे होते, आणि नेमके तेव्हा समोर रानडुक्कर असेल तर शिकारीच अडकतो. म्हणून कीथच्या गोळीत वंगणाच्या खाचेवर आणखी एक खाच असते. पुंगळीची कड आत वळवून ती त्या खाचेत घट्ट आवळतात. जड गोळ्यांच्या कामात सगळ्यात जास्त लक्ष घालावे लागते ते या आवळणीत. दुसरा धोका दारूच्या मापाचा. ते प्रत्येक दारूच्या उत्पादकाने छापलेल्या कोष्टकाबाहेर नेत नाहीत. एका पुंगळीत चुकून दुप्पट माप पडले तर सिलिंडर फाटते.

परत भरता येईल अशी पुंगळी मिळणे हीसुद्धा सोय आहे. टोपीच्या दोन पद्धती. बॉक्सर पद्धतीत ऐरण टोपीतच असते आणि मधल्या एकाच भोकातून सुई घालून टोपी सहज बाहेर पाडता येते. बर्डन पद्धतीत ऐरण पुंगळीचाच भाग असते आणि भोके दोन, बाजूला. खडकीची लष्करी .३०३ काडतुसे बर्डन पद्धतीची. ती पुन्हा भरणे जिकिरीचे. गंमत अशी की बॉक्सर इंग्रज होता आणि त्याची पद्धत अमेरिकेने उचलली. बर्डन अमेरिकी, त्याची पद्धत ब्रिटिश साम्राज्यात रुजली.

भारतात घरी काडतुसे भरण्याचा हा छंद रुजलाच नाही, आणि कारण हौसेच्या अभावाचे नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रेसुद्धा येतात, आणि परवान्याशिवाय उत्पादन हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारही थांबली. लष्करी बोअरची शस्त्रे सामान्य नागरिकाला वर्ज्य असल्याने त्याच्यासाठी .३१५ ची रायफल, .३२ चे रिव्हॉल्वर आणि १२ बोअरची बंदूक असे वेगळे मार्ग आखले गेले, आणि त्यांची काडतुसे मुख्यतः खडकीतूनच पुरवली गेली. १२ बोअरचे ‘शक्तिमान’ काडतूस त्यातलेच. उत्तरेकडच्या खुनाच्या खटल्यांचे निकाल वाचताना घटनास्थळी सापडलेल्या पुंगळीवर ‘८ एमएम केएफ’ कोरलेले होते असा उल्लेख वारंवार येतो, कारण गावठी कट्टे याच, म्हणजे .३१५ च्या, बोअरचे घडवतात. खडकीच्या खुणेचा एवढा प्रसार कारखान्याला नक्कीच नको असेल.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. दारूगोळ्याचे कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेले आणि त्या कंपनीचे मुख्यालय खडकीतच आले. जळगाव जिल्ह्यातला वरणगावचा कारखानाही तिच्याकडेच आहे.

महाराष्ट्रात हाताने बार भरण्याची रीत कायद्याच्या चौकटीत टिकली ती कोकणात. सिंधुदुर्ग, रत्नागिरीकडे भातशेती आणि काजू-आंब्याच्या बागांसाठी शेतीसंरक्षणाचे परवाने आहेत. त्यांवरच्या अनेक बंदुका ठासणीच्या : नळीत मापाने दारू ओतायची, काथ्याचा बोळा गजाने ठासायचा, वर छरे किंवा गोळी, पुन्हा बोळा, आणि बाहेर टोपी. इथे पुंगळी नाही, कोष्टक नाही. माप वडिलांकडून मुलाकडे आलेले. निवडणूक जाहीर झाली की याही बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात.