बाकावरचा बाक

"बाकावर निजायचं आणि वर पाठीला बाक द्यायचा? अगं, मोडेल एक दिवस कंबर!"

सासूबाईंचं हे बोलणं ऐकून मला हसू आलं खरं, पण मनातून मीही धास्तावलेच होते.

खरं म्हणजे मी या वाटेला गेले ती त्यांच्यामुळेच. दोन वर्षांपूर्वी त्या मोरीत घसरल्या. सावरायला हात टेकला आणि मनगट मोडलं. प्लॅस्टर घालताना डॉक्टर म्हणाले, "हाडं ठिसूळ झालीत. पाळी गेल्यावर बायकांची हाडं भराभर विरळ होतात." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही आत्तापासून थोडा वजनाचा व्यायाम सुरू करा. पुढे कामाला येईल."

तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते. अर्धवेळ शाळा, मुलांचे डबे, आल्यागेल्याचं बघणं, यात व्यायाम कुठला? तरी घराजवळच्या एका जिममध्ये दुपारी बायकांची वेळ असते, तिथे नाव घातलं. तिथेच बेंच प्रेसशी गाठ पडली. अरुंद बाकावर उताणं निजायचं, वरच्या आकड्यांवरची लोखंडी दांडी उचलायची, छातीपर्यंत खाली आणायची आणि पुन्हा वर ढकलायची. दिसायला सोपं!

शिकवणाऱ्यानं सांगितलं, "पाठ बाकाला सपाट चिकटवा, पाय वर उचलून घ्या, कोपरं सरळ बाजूला." सपाट पाठ म्हणजे सुरक्षित पाठ, असं मलाही वाटलं. पण दोन महिन्यांत उजवा खांदा धरला. फळ्यावर तारीख लिहायला हात वर केला की कळ यायची. मुलीची वेणी घालताना हात भरून यायचे. डॉक्टरांनी महिनाभर वजन बंद करायला सांगितलं. हे म्हणाले, "सोडून दे ना, कोणी सक्ती केलीय?" आणि मी सोडणारच होते.

एक दिवस शिक्षक-खोलीत सहज विषय निघाला. आमच्या शाळेतल्या खेळाच्या बाई कॉलेजात असताना वजन उचलण्याच्या स्पर्धेत उतरत असत. त्या म्हणाल्या, "दाखवा बरं, कसं करता ते." वर्ग सुटल्यावर मी चक्क चौथीच्या बाकावर निजले आणि हातात फळ्याची लांब पट्टी घेतली. बघताक्षणी त्या म्हणाल्या, "अहो, तुमचा खांदा दुखेल नाही तर काय होईल? त्याला खाली आधारच नाही!"

आधी बैठक, मग दांडी

त्यांनी शिकवलं ते असं. डोकं, खांद्यांचा मागचा भाग, बैठक आणि दोन्ही पावलं, हे पाच टेकू कधी सुटू द्यायचे नाहीत. डोकं, खांदे आणि बैठक बाकावर, पावलं जमिनीवर. निजल्यावर डोळे दांडीच्या बरोबर खाली यावेत. पावलं पूर्ण टेकलेली, गुडघ्यांच्या खाली किंवा किंचित मागे. माझ्यासारख्या बुटक्या बाईचे पाय पोचत नसतील, तर पावलांखाली न हलणारी फळी किंवा जाड लोखंडी चकती ठेवावी. पाय लोंबकळत ठेवू नयेत.

मग खांद्यामागची दोन्ही पाती एकमेकींजवळ घ्यायची आणि कमरेकडे खाली ओढायची. मधे पेन्सिल धरल्यासारखी! असं केलं की छाती आपोआप वर येते आणि पाठीला कमान पडते. हाच तो बाक. तो मुद्दाम कमरेतून काढायचा नाही, वरच्या पाठीतून येऊ द्यायचा. कमरेखालून आपला तळहात सरकेल एवढी पोकळी आपल्याला पुरे.

याचा उपयोग काय? पाती घट्ट बसली की खांद्याला पक्का आधार मिळतो. छाती वर आल्यामुळे दांडी थोडी अलीकडेच टेकते आणि दंड खांद्यामागे फार ताणला जात नाही. उभं राहून खांद्यावर वजन घेतलं, तर ते कण्यावरून खाली उतरतं. इथे मात्र वजनाचा भार हातांतून खांद्यांत आणि तिथून थेट बाकात जातो. म्हणूनच बेताची कमान निरोगी कमरेला सहसा जाचत नाही.

दांडी खांद्यांपेक्षा थोडी रुंद धरायची, अंगठा दांडीभोवती वळवलेला, मनगट सरळ. कोपरं काटकोनात बाजूला न फाकवता थोडी अंगाकडे घ्यायची. दांडी छातीच्या खालच्या भागावर अलगद टेकवायची, आपटायची नाही. तिथून वर ढकलताना ती किंचित मागे, खांद्यांच्या रेषेत न्यायची. खाली आणताना श्वास आत, वर ढकलताना बाहेर.

मोठी कमान काढलेल्या स्पर्धकांची चित्रं पाहून घाबरू नका आणि त्यांची नक्कलही करू नका. दांडीला कमी अंतर जावं लागावं म्हणून ते तसं करतात. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघानं तर २०२३ पासून नियमच केला, की दांडी छातीशी आली असताना कोपरं खांद्याच्या सांध्याच्या वरच्या पातळीपर्यंत तरी खाली आली पाहिजेत. आपल्याला कुठे पदक मिळवायचंय? आपल्याला खांदा सांभाळायचाय.

सासूबाईंची परीक्षा

हे सगळं घरी सांगितलं, तेव्हा सासूबाईंनी ते सुरुवातीचं वाक्य ऐकवलं. मी म्हटलं, "आई, जरा भिंतीला टेकून उभ्या राहा बघू." पाठ टेकली, बैठक टेकली. मग त्यांचाच हात कमरेमागे सरकवला. तो सहज गेला! "ही पोकळी नैसर्गिकच आहे. मी ती राखते आणि छाती थोडी वर घेते, एवढंच," मी म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा हात बराच वेळ तिथेच होता.

खांदा बरा झाल्यावर मी नुसत्या दांडीपासून पुन्हा सुरुवात केली. नुसती म्हटली तरी ती साधारण वीस किलोंची असते. काही ठिकाणी पंधराचीही मिळते. तीही जड वाटली तर दोन-दोन किलोंच्या डंबेल्सपासून सुरू करण्यात कमीपणा नाही. आता मी खांदा न दुखता पंचवीस किलो उचलते, आणि मुख्य म्हणजे फळ्याच्या अगदी वरच्या टोकाला तारीख लिहिते.

एवढं मात्र पाळा

एकटीनं हा व्यायाम करू नका. डोक्याशी दांडी धरायला कोणीतरी हवंच, कारण थकल्यावर ती छातीवर अडकली तर जिवावर बेतू शकतं. वजन ढकलताना बैठक बाकावरून उचलली जाऊ लागली, तर वजन जास्त झालं असं समजा आणि कमी करा. कमरेत कळ आली, हाताला मुंग्या आल्या तर लगेच थांबा. रक्तदाब असेल, मणक्याचा त्रास असेल, दिवस गेले असतील किंवा नुकतंच बाळंतपण झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि हाडांसाठी एवढाच व्यायाम पुरेसा नाही. यात हात, खांदे, छाती यांना काम मिळतं. पाय, कंबर आणि पाठीसाठी उठाबशा, जिने चढणं, ओढण्याचे व्यायाम हवेतच.

जिमला जाणं जमत नसेल, तर स्वयंपाकघराचा ओटा आहेच! ओट्याच्या काठाला हात टेकून दोन पावलं मागे सरका. पाती मागे घेऊन छाती ओट्याकडे न्या आणि परत ढकला. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत दहा वेळा सहज होतं.

परवा शाळेतून आले, तर स्वयंपाकघरात सासूबाई डॉक्टरांना विचारून ठेवलेला हाच व्यायाम करत होत्या. मनगट जपून, हळूहळू. मला पाहून जरा ओशाळल्या.

"कुकर लावला होता, म्हटलं तोवर..." त्या म्हणाल्या.

मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी ओट्याला हात टेकले. "आई, पाती मागे घ्या. मधे पेन्सिल धरल्यासारखी."