गाडी का विव्हळते?

भाजीपाला, दुधाचे कॅन किंवा सिमेंटची पोती वाहणारी पिकअप आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. काही गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ‘हूंऽऽ’ असा बारीक, चढत जाणारा आवाज निघतो. गाडीमालकाच्या दृष्टीने प्रश्न पैशांचा असतो. अंदाजाने एकेक भाग बदलत गेले, तर खर्च वाढतो आणि आवाज तसाच राहतो. दुर्लक्ष केले, तर भरलेली गाडी एखाद्या घाटात कायमची थांबण्याची भीती. म्हणून आधी ऐकावे आणि मगच पाना हाती घ्यावा. हे ऐकायला शाळेतले ध्वनिशास्त्र पुरेसे आहे.

प्रथम सूर कसा निर्माण होतो ते पाहू. सायकल उलटी ठेवून चाक फिरवावे आणि त्याच्या तारांना पोस्टकार्डाची कड लागू द्यावी. चाकाला ३६ तारा असतील आणि ते सेकंदाला दोन फेरे घेत असेल, तर कार्डाला सेकंदाला ७२ टिचक्या बसतात. चाक सावकाश फिरताना टिचक्या सुट्या ऐकू येतात. वेग वाढला की त्या मिसळून सूर बनतो. फेलिक्स सावार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३० च्या सुमारास दातेरी चाकावर कार्ड टेकवून याच तत्त्वाने सुरांची वारंवारता मोजली.

गाडीतही हेच घडते. दाताला दात भिडताना प्रत्येक वेळी सूक्ष्म धक्का बसतो. दातांची संख्या गुणिले सेकंदातील फेरे, म्हणजे आवाजाची वारंवारता. मागच्या चाकाचा परीघ २ मीटर धरू. ताशी ६० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला सुमारे ८.३ फेरे घेते. डिफरन्शियलमधल्या मोठ्या क्राउन चाकाला ४१ दात असतील, तर वारंवारता सुमारे ३४० हर्ट्‌झ येते. बाजाच्या पेटीवर मधल्या सप्तकातील पांढरी चारच्या जवळपासचा हा सूर. वेग ताशी ३० केला, की तोच सूर खालच्या सप्तकात जातो.

आता पहिली चाचणी. गाडी सपाट जागी उभी करून, हँडब्रेक ओढून, न्यूट्रलमध्ये हळूहळू रेस वाढवावी. आवाज आला तर दोष पुढच्या बाजूला आहे: बेल्टवर फिरणारी बेअरिंग्ज, अल्टरनेटर किंवा पॉवर स्टिअरिंगचा तेलाचा पंप. स्टिअरिंग वळवताना आवाज वाढला, तर पंपाचे तेल पाहावे. तेलात फेस असेल, तर कोठून तरी हवा शिरत आहे. क्लच दाबताच आवाज थांबला, तर संशय गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर जातो. नेमका भाग शोधण्यासाठी लाकडी काठीचे एक टोक त्याच्या न फिरणाऱ्या आवरणावर आणि दुसरे कानामागच्या हाडावर टेकवावे. घन पदार्थातून कंपने उत्तम पोचतात. मात्र हे काम जाणत्या माणसानेच करावे; सैल बाही किंवा ओढणी पंख्याजवळ नेऊ नये.

दुसरी चाचणी रस्त्यावर. ताशी ४० किलोमीटर हा वेग कायम ठेवून गाडी आधी तिसऱ्या आणि मग चौथ्या गिअरमध्ये चालवावी. तिसऱ्याचे गुणोत्तर दीड आणि चौथ्याचे एक धरले, तर इंजिनाचे फेरे दीडपट होते ते एकपट होतात. म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या भागाचा सूर पंचमावरून षड्‌जावर उतरेल. सूर तिळभरही बदलला नाही, तर त्याचा उगम गिअरबॉक्सच्या मागे, म्हणजे डिफरन्शियल किंवा चाकांच्या बेअरिंगमध्ये आहे.

या दोहोंत निवड करणारी तिसरी चाचणी. गाडी ओढताना दातांची एक बाजू दाबली जाते, पाय काढला की उलट बाजू. म्हणून पाय काढताच आवाज थांबला किंवा पालटला, तर तो डिफरन्शियलचा. पाय काढूनही आवाज तसाच राहिला आणि वळणावर कमीजास्त झाला, तर तो बहुधा चाकाच्या बेअरिंगचा. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो; तेव्हा आवाज वाढला तर डावे बेअरिंग तपासावे.

डिफरन्शियलचा संशय पक्का झाला, तरी लगेच तो उघडू नये. सपाट जागी भरणीचा बोल्ट काढून पाहावे. तेल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवे. येथील हायपॉइड दात एकमेकांवर घसरतही फिरतात, म्हणून त्यांना उत्पादकाने सांगितलेलेच गिअर तेल लागते. तेल कमी असेल, तर ते कोठे गेले हे शोधणे महत्त्वाचे. पिनियनचे सील गळत असताना नुसते तेल भरणे ही दुरुस्ती नव्हे. निचऱ्याच्या बोल्टावरील चुंबकाला करडा लगदा चिकटणे स्वाभाविक आहे. धातूचे तुकडे मिळाले तर मात्र गाडी चालवू नये. क्राउन आणि पिनियन जोडीनेच घासून जुळवलेले असतात, म्हणून ते जोडीनेच बदलावेत.

या तिन्ही चाचण्यांत आपण प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलली आणि बाकीच्या कायम ठेवल्या. प्रयोगशाळेतला हा नियम विद्यार्थ्यांना गॅरेजच्या दारातही शिकवता येईल.