काळजातली चोरदिंडी

रायगड चढून गेलेल्या वाचकांपैकी काहींनी टकमकाच्या बाजूच्या तटातली चोरदिंडी पाहिली असेल. महादरवाजा बंद असताना गुपचूप जा-ये करायची ती वाट. आपल्यापैकी दर चौघांतल्या एकाच्या काळजात असलीच एक चोरदिंडी असते आणि बहुतेकांना तिचा पत्ता जन्मभर लागत नाही, असे म्हटले तर फराळाचे ताट पुढ्यात असताना कोणी दचकून छातीला हात लावील. तसे भिण्याचे कारण नाही. मात्र एका प्रसंगी ही दिंडी घरभेदी होते, आणि त्या प्रसंगाची हकिकत आम्हा डॉक्टरांनाही पुरती उमगायला शंभरावर वर्षे लागली.

मूल आईच्या पोटात असते तेव्हा त्याची फुप्फुसे श्वासाचे काम करीत नाहीत. प्राणवायू येतो तो वारेतून, आईच्या रक्ताकडून. तो घेऊन आलेले रक्त हृदयाच्या उजव्या कर्णिकेत शिरते. तेथून ते फुप्फुसांकडे पाठवून उपयोग काय? म्हणून उजव्या आणि डाव्या कर्णिकेमधल्या पडद्यात निसर्गाने एक लंबगोल वाट ठेवली आहे आणि तिच्या डाव्या अंगाला एक पातळ झडप. रक्त झडप लोटून पलीकडे जाते. मूल जन्मते, टाहो फोडते, फुप्फुसे फुलतात, डाव्या बाजूचा दाब वाढतो आणि झडप वाटेवर घट्ट बसते. तिघांची ती पुढे पडद्याला कायमची चिकटते. चौथ्याची नुसती लोटलेली राहते, कडी लागत नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९८४ साली ९६५ मृतांच्या हृदयांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात सुमारे २७ टक्के हृदयांत ही वाट उघडी आढळली. एरवी डाव्या बाजूचा दाब जास्त असल्यामुळे दार आपोआप लोटलेले राहते. खोकताना, कुंथताना क्षणभर किलकिले होते, इतकेच.

आता गुठळीकडे वळू. पाय प्लास्टरमध्ये असला, मोठी शस्त्रक्रिया झाली, माणूस दिवसेंदिवस अंथरुणाला खिळला, की पोटरीच्या किंवा मांडीच्या खोल नीलेत रक्त साकळते. त्यातला तुकडा सुटला तर तो उजव्या हृदयातून फुप्फुसात जाऊन अडकतो. फुप्फुस म्हणजे या बाबतीत गाळणीच. पायातली गुठळी मेंदूपर्यंत जाणार कशी? गाळणीने ती अडवायलाच हवी.

हे कोडे जर्मनीतल्या युलियुस कोनहाइम यांच्यासमोर आले. गुठळ्यांच्या प्रवासाचे शास्त्र ज्यांनी रचले त्या रुडोल्फ विर्खोव यांचा हा शिष्य. पस्तीस वर्षांची एक बाई मेंदूची रोहिणी तुंबून दगावली होती, आणि रक्त साकळलेले होते ते तिच्या पायात. कोनहाइम यांनी हृदय उघडले तर पडद्यातली वाट एवढी मोठी, की तीन बोटे सहज आरपार जावीत. १८७७ साली त्यांनी हे लिहून ठेवले. गाळणी टाळून गुठळी चोरवाटेने गेली होती.

पण खरी मेख पुढेच आहे. दिंडी उघडते केव्हा? उजवीकडचा दाब डावीकडच्यापेक्षा वाढला म्हणजे. आणि उजवीकडचा दाब वाढवणारी हुकमी गोष्ट कोणती, तर फुप्फुसात अडकलेली गुठळी! पुढची वाट तुंबली की उजवे हृदय फुगते, दाब चढतो आणि लोटलेले दार डावीकडे उघडते. पहिली गुठळी दार उघडून देते आणि मागून येणारी दुसरी आत शिरून थेट मेंदू गाठते.

जर्मनीतील फ्रायबुर्गच्या डॉक्टरांनी १९९८ साली फुप्फुसात मोठी गुठळी अडकलेल्या १३९ रोग्यांची हकिकत छापली. ४८ जणांची दिंडी उघडी होती. त्यांच्यापैकी १३ टक्क्यांना रक्तवाहिनी तुंबून पक्षाघात झाला; बाकीच्यांत हे प्रमाण २.२ टक्के. मृत्यू एकीकडे ३३ टक्के, तर दुसरीकडे १४. पुढे फ्रान्समधील चार रुग्णालयांनी, रोगी लक्षणे सांगो वा न सांगो, सर्वांच्याच मेंदूचे चुंबकीय चित्र काढायचे ठरवले. २०१९ साली निष्कर्ष आला: दिंडी उघडी असलेल्या ४२ जणांपैकी ९ जणांच्या मेंदूत ताजी इजा, म्हणजे २१ टक्क्यांवर, बंद असलेल्या २७३ जणांपैकी १५ जणांच्या, म्हणजे साडेपाच टक्के. मला स्वतःला हे दुसरे आकडे अधिक अस्वस्थ करतात. पहिल्या पाहणीतले रोगी अत्यवस्थ होते. हे सगळेच तसे नव्हते.

अशी एक रोगी माझ्या हाताखालून गेली. प्राथमिक शाळेतल्या बाई, वय चव्वेचाळीस. स्कूटरवरून पडून पाय मोडला, प्लास्टर झाले. तिसऱ्या आठवड्यात एकाएकी धाप लागली. दोन्ही फुप्फुसांत गुठळ्या निघाल्या. रक्त पातळ करण्याची इंजेक्शने चालू केली, धाप उतरली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना उजव्या हातातून कप निसटला आणि तोंडातून शब्द फुटेना.

त्यांचे थोरले बंधू माझ्यावर उखडलेच. "डॉक्टरसाहेब, आम्ही आलो छातीच्या दुखण्यासाठी. हे मेंदूचे कुठून उपटले?"

त्याचे उत्तर बुडबुड्यांनी दिले. ही तपासणी मोठी गमतीची आहे. सलाइनमध्ये थोडी हवा घुसळून बारीक फेस करतात, हाताच्या शिरेतून टोचतात आणि एकोच्या पडद्यावर पाहत बसतात. उजवी कर्णिका क्षणात चांदण्यांनी भरल्यासारखी दिसते. गाळणी शाबूत आणि दार बंद असेल, तर डावीकडे काळोखच राहतो. बाईंच्या बाबतीत दोन ठोक्यांच्या आत चांदण्या डावीकडे उतरल्या. बंधू शेजारीच उभे होते. काही वेळ ते बोलले नाहीत.

मग त्यांचा आग्रह सुरू झाला, की भोक आजच्या आज बुजवा. समजण्यासारखा आग्रह! पण घाईचे काम नव्हते. रक्त पातळ करणारे औषध फुप्फुसावर आणि मेंदूवर, दोन्हीकडे लागू पडते. फक्त मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे आधी पाहावे लागते. ते औषध दुधारी असते. इस्रायलचे पंतप्रधान एरियल शेरॉन यांना डिसेंबर २००५ मध्ये सौम्य झटका आला, हृदयात लहानसे छिद्र सापडले, रक्त पातळ करण्याची इंजेक्शने सुरू झाली, छिद्र बुजवण्यासाठी ५ जानेवारी २००६ ही तारीख ठरली. आदल्याच दिवशी त्यांच्या मेंदूत मोठा रक्तस्राव झाला. ते शुद्धीवर आले नाहीत. २०१४ च्या जानेवारीत वारले.

बाईंच्या मेंदूत रक्तस्राव नव्हता, इजा लहान होती. औषध चालू ठेवले. बोलणे पाच-सहा आठवड्यांत परतले. फुप्फुसे मोकळी झाली, दाब उतरला, प्लास्टरही निघाले.

सहाव्या महिन्यात हृदयाचे आणि मेंदूचे तज्ज्ञ माझ्या खोलीत बसले. मांडीच्या शिरेतून नळी नेऊन दिंडीला दोन्ही बाजूंनी छत्रीसारख्या चकत्या बसवता येतात. साठीच्या आतल्या, झटक्याचे दुसरे कारण न सापडलेल्या निवडक रोग्यांत त्यामुळे पुढचे झटके कमी होतात, हे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तीन चाचण्यांनी दाखवले. फुप्फुसातल्या गुठळीच्या रोग्यांचे काय, यावर एकमत नाही. दोघे तासभर वाद घालत होते. बाई ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारले, "दार लावले म्हणजे पायात गुठळी होणार नाही का?"

"होऊ शकते," मी म्हणालो. "पण तिची चोरवाट बंद होईल. आणि तुमची गुठळी प्लास्टरमुळे झाली होती. ते कारण आता उरलेले नाही. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या बहुधा जन्मभर लागणार नाहीत. चकत्या बसवल्यावर काही महिने दुसऱ्या, सौम्य गोळ्या घ्याव्या लागतील."

त्यांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी होकार कळवला. सातव्या महिन्यात चकत्या बसल्या. परवा त्या भेटायला आल्या, तेव्हा पिशवीतून कित्ता गिरवण्याची वही काढून माझ्यापुढे ठेवली. अक्षर सुरेख आहे. फक्त ‘क्ष’ची गाठ अजून मनासारखी बसत नाही, अशी त्यांची तक्रार आहे.