हरवलेली वसाहत शोधायची कुठे?

आजचा विषय आहे दूरच्या भविष्यातल्या विज्ञानकथांचा, आणि त्यातल्याही एका खास प्रकाराचा. माणूस हजार-दोन हजार वर्षांपूर्वी ताऱ्यांकडे गेला, तिथे वसाहती केल्या, आणि त्यातली एखादी वसाहत हरवली. आता कोणीतरी तिचा शोध घ्यायला निघालं आहे. अशा कथेला यान, ग्रह, यंत्रमानव असा सगळा साज असतो, पण तिचा सांगाडा पोलिसी रहस्यकथेचा असतो. बेपत्ता कोण, शेवटचं कधी दिसलं, कोणी पाहिलं, आणि खोटं कोण बोलतंय?

मी हे अमौसीतून बोलतो आहे. लखनौच्या विमानतळामुळे हे नाव तुम्ही ऐकलं असेल. याच शहरात इस्रोचं एक भूकेंद्र आहे, उपग्रहांशी संपर्क ठेवणाऱ्या जाळ्यातलं. खालच्या कक्षेतला उपग्रह अशा केंद्रावरून जातो तेव्हा तो जेमतेम दहा-पंधरा मिनिटं टप्प्यात असतो. मग क्षितिजाखाली जातो आणि गप्प होतो. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, कारण तो पुन्हा कधी उगवणार हे वहीत लिहिलेलं असतं. ही वहीच नसती तर? या प्रकारच्या सगळ्या कथा त्या प्रश्नातून निघतात.

आधी अंतराचं गणित

सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी. अंतर ४.२४ प्रकाशवर्षं. व्हॉयेजर-१ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने धावतंय. त्या वेगाने तिथे पोचायला जवळजवळ ७५ हजार वर्षं लागतील. म्हणून लेखक यानाचा वेग वाढवतात. समजा, यान प्रकाशाच्या ८० टक्के वेगाने २० प्रकाशवर्षं गेलं. पृथ्वीवर २५ वर्षं जातील, यानातल्या माणसांची मात्र १५ च वर्षं जातील. म्हणजे पोचण्याआधीच दोन्हीकडची कॅलेंडरं वेगळी झाली. वसाहत ५० प्रकाशवर्षं दूर असेल तर 'कसे आहात?' या प्रश्नाचं उत्तर यायला १०० वर्षं लागतील. प्रश्न विचारणारा तोवर कुठला असायला!

हा उशीर आपल्याला पुस्तकी वाटतो. पण मराठी माणसाला तो ठाऊक आहे. १७६० च्या ऑक्टोबरात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून मराठी फौज आणि दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला. रसद तुटली आणि तिच्याबरोबर पत्रंही तुटली. लष्करात रसदेचा रस्ता आणि निरोपाचा रस्ता बहुधा एकच असतो. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सगळं संपलं. नानासाहेब पेशवे त्या वेळी कुमक घेऊन उत्तरेकडे येत होते. त्यांच्या हाती ती प्रसिद्ध सांकेतिक चिठ्ठी पडली साधारण दहा दिवसांनी, भेलशाजवळ. एका सावकारी निरोपात मोती आणि मोहरा किती गेल्या याचा हिशेब होता, आणि तो माणसांचा होता. ते दहा दिवस पेशवा अशा फौजेच्या मदतीला चालला होता, जी उरलीच नव्हती. दहा दिवसांच्या जागी ५० वर्षं ठेवा. अंतराळातल्या हरवलेल्या वसाहतीची गोष्ट तुमच्यासमोर तयार आहे.

वसाहत हरवते कशी?

चांगले लेखक याची तीन वेगवेगळी उत्तरं देतात.

पहिलं उत्तर साधं आहे. यंत्र बिघडतं आणि कोणी दुरुस्त करत नाही. आर्थर क्लार्क यांच्या 'द साँग्ज ऑफ डिस्टंट अर्थ' या १९८६ च्या कादंबरीत थलासा नावाची वसाहत आहे. तिथल्या ज्वालामुखीच्या उद्रेकात दूरसंपर्काचा अँटेना गेला. लोक वाचले, सुखात राहिले, आणि अँटेनाची दुरुस्ती आज करू, उद्या करू म्हणता म्हणता राहून गेली. बाहेरच्यांच्या लेखी वसाहत गप्प झाली. आणि शेकडो वर्षांनी पृथ्वीवरून आलेलं यान पाहतं तर माणसं जिवंत! मला हे स्पष्टीकरण सर्वांत खरं वाटतं, कारण युद्धाने किंवा साथीने माणसं तुटतात त्यापेक्षा 'उद्या पाहू'ने जास्त तुटतात.

आणि असा बिघाड किती क्षुल्लक असू शकतो हे आपण पाहिलेलं आहे. जुलै २०२३ मध्ये चुकीची आज्ञा गेल्यामुळे व्हॉयेजर-२ चा अँटेना पृथ्वीपासून फक्त दोन अंशांनी वळला आणि संपर्क तुटला. यान धडधाकट होतं, फक्त तोंड दुसरीकडे होतं. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराच्या केंद्रातून पूर्ण ताकदीने आज्ञा पाठवली गेली. ती पोचायला साडेअठरा तास आणि उत्तर यायला तितकेच. ४ ऑगस्टला यान पुन्हा बोललं. इथे दोन अंश वळले हे माहीत असलेली माणसं जागेवर होती. ती माणसं निवृत्त झाली असती आणि केंद्राचा खर्च बंद झाला असता, तर तेच यान 'हरवलेलं' म्हणून नोंदवलं गेलं असतं.

दुसरं उत्तर म्हणजे नोंद पुसणं. आयझॅक असिमोव्ह यांनी हा साचा उलटा केला. त्यांच्या 'फाउंडेशन अँड अर्थ' या १९८६ च्याच कादंबरीत आकाशगंगाभर माणूस पसरलाय आणि हरवली आहे ती खुद्द पृथ्वी. नायक ट्रेव्हिझ आणि त्याचा सोबती, दंतकथांचा अभ्यासक पेलोरॅट, तिला शोधतात. त्यांच्यापुढचा मोठा धागा असा, की ट्रँटॉरच्या अफाट ग्रंथालयातून पृथ्वीविषयीची माहिती काढून टाकलेली आहे. म्हणजे कोणीतरी मुद्दाम लपवतंय. कागद गहाळ होणं आणि एकाच विषयाचे सगळे कागद गहाळ होणं यांत फरक असतो. पोलीस ठाण्यातला हवालदारही तुम्हाला हे सांगेल.

तिसरं उत्तर सगळ्यांत अवघड. वसाहतीला सापडायचंच नसतं. याच कादंबरीत सोलारिया नावाचा ग्रह येतो. लोक तो सोडून गेले असं जगाला वाटतं. प्रत्यक्षात ते तिथेच आहेत, जमिनीखाली, आणि त्यांना कोणाशीही संबंध नको आहे.

शोध कसा घेतात?

लष्करात एखादी तुकडी संपर्कातून गेली तर पहिला प्रश्न असतो : अखेरचं ठिकाण कोणतं, वेळ कोणती आणि त्यांची जाण्याची दिशा कोणती? हे तीन आकडे मिळाले की नकाशावर एक वर्तुळ काढता येतं. जितका वेळ जाईल तितकं वर्तुळ मोठं. म्हणून शोधणाऱ्याने दुसरा प्रश्न विचारायचा असतो : काळ गेला तरी यातलं काय बदललं नसेल?

याचं सुंदर उदाहरण भारताचं आहे. चांद्रयान-१ चा संपर्क २९ ऑगस्ट २००९ ला तुटला. यान चंद्राभोवती फिरत राहिलं, पण कुठे? चंद्राचं गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नाही, त्यामुळे कक्षेतली जागा हळूहळू सरकत जाते. दीड मीटरचा तो ठोकळा, तोही पावणेचार लाख किलोमीटरवर आणि चंद्राच्या झगझगाटाशेजारी. दुर्बिणीने दिसणं शक्य नव्हतं. नासाच्या शास्त्रज्ञांनी रडार वापरलं. कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनच्या ७० मीटर अँटेनाने झोत पाठवला आणि ग्रीन बँकच्या १०० मीटर दुर्बिणीने प्रतिध्वनी ऐकला.

झोत रोखला कुठे, यात खरी हुशारी आहे. यान नेमकं कुठे आहे हे माहीत नव्हतं, पण त्याची कक्षा ध्रुवांवरून जाते हे माहीत होतं. म्हणजे ते कुठेही असलं तरी दर फेरीत ध्रुवावरून जाणारच. म्हणून चंद्राच्या उत्तर ध्रुवाच्या वर सुमारे १६० किलोमीटरवर झोत ठेवून ते वाट पाहत बसले. चार तासांत काहीतरी दोनदा झोत ओलांडून गेलं. चांद्रयान-१ एक फेरी २ तास ८ मिनिटांत करतं, हिशेब जुळला. जुन्या अंदाजापेक्षा ते कक्षेच्या जवळजवळ अर्ध्या फेरीने पुढेमागे होतं. ही बातमी मार्च २०१७ मध्ये जाहीर झाली.

चांगल्या विज्ञानकथेतला गुप्तहेरही हेच करतो. वसाहतीत काय बदललं नसेल? पाणी लागणार, उष्णता बाहेर टाकावी लागणार, मृतांचं काहीतरी करावं लागणार. त्या 'ध्रुवावर' तो वाट पाहतो.

आणि भाषा? भाषा हे वसाहतीचं घड्याळ आहे. मूळ भूमीतली भाषा पुढे जाते, तुटलेल्यांची दुसऱ्या वाटेने जाते. तंजावरला १६७० च्या दशकात व्यंकोजीराजांनी राज्य स्थापलं. तिथल्या मराठीत आजही जुनी रूपं सापडतात आणि तिच्यावर तमिळचं पाणीही चढलेलं आहे. जुनं किती आणि नवं किती यावरून संपर्क कधी विरळ झाला याचा अंदाज बांधता येतो. त्याच तंजावरात १८०३ मध्ये सरफोजीराजांनी बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसल्यांच्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. आपण कोण आणि कुठून आलो हे दगडावर लिहून ठेवणारी वसाहत हरवणं कठीण. विज्ञानकथांतही बहुतेक कोडी अशाच एखाद्या भिंतीपाशी सुटतात.

सापडलेले तेच कशावरून?

या कथांतलं सगळ्यांत थरारक प्रकरण म्हणजे परत आलेला माणूस. एक यान येतं, त्यातले लोक म्हणतात, आम्ही त्याच वसाहतीचे. खरं कसं मानायचं?

इथेही पानिपतच वाट दाखवतं. अवधचा नवाब शुजाउद्दौला अब्दालीच्या बाजूने लढला. त्याच्या पदरी काशीराज पंडित नावाचा मराठी माणूस होता. रणांगणातून भाऊसाहेबांचा देह शोधून ओळख पटवल्याची हकीकत त्याने पुढे फारसीत लिहून ठेवली. पण पुण्यात तेवढ्याने कोणाचं समाधान होणार! पार्वतीबाईंनी स्वतःला विधवा मानलं नाही. आणि मग भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला. १७७६ मध्ये त्याने कोकणात फौज जमवली, किल्ले घेतले. त्याच वर्षी त्याला पकडून देहदंड दिला गेला.

तोतयाला बळ कुठून मिळालं? त्याच्या चेहऱ्यातून थोडंसं, वाट पाहणाऱ्यांच्या इच्छेतून बरंच. म्हणून अशी विज्ञानकथा वाचताना परत आलेल्याकडे जितकं बघाल तितकंच त्याला ओळखणाऱ्याकडेही बघा. ज्याला 'हेच ते' असं म्हणायची घाई आहे, त्याचा कोणता फायदा अडकलाय? रहस्याची किल्ली पुष्कळदा त्याच्याच खिशात असते.

हरवलं कोण?

आता ज्यासाठी हा विषय घेतला त्या मुद्द्यावर येतो. हरियाणात कर्नाल, पानिपत, कुरुक्षेत्र, कैथल या भागांत रोड समाज आहे. पानिपतानंतर मागे राहिलेल्या मराठ्यांचे आपण वंशज, असं या समाजातले अनेक जण मानतात. इतिहासकारांत यावर एकमत नाही. तो वाद मी इथे सोडवणार नाही. मला त्यातला एक कोन दाखवायचा आहे. आपण इकडे सव्वादोनशे-अडीचशे वर्षं म्हणत आलो, की पानिपतावर गेले ते गेले. जे कोणी मागे राहिले असतील, त्यांनी शेतं कसली, मुलांची लग्नं लावली, तिथली बोली उचलली. त्यांच्या दृष्टीने ते एक दिवसही हरवलेले नव्हते. हरवले होते ते आपल्या वहीतून.

थलासाचंही तेच. वसाहत स्वतःला कधी हरवत नाही. 'हरवली' हा शब्द पाठवणाऱ्याचा असतो. म्हणूनच या कथांतला खरा तपास दूरच्या ग्रहावर सुरू होत नाही. तो घरी, दप्तरात सुरू होतो. शेवटचा निरोप कोणी घेतला? त्याला उत्तर कोणी दिलं नाही? शोधाचा खर्च कोणी थांबवला? हे प्रश्न न विचारता थेट यानात बसणारा नायक दिसला की समजा, लेखकाला धावपळ हवी आहे, रहस्य नको आहे.

तुमच्यापैकी बरेच जण बडोद्यात, इंदुरात, बेळगावात, हैदराबादेत, माझ्यासारखे उत्तरेत राहता. आपण घरी बोलतो ती मराठी पुण्या-मुंबईच्या मराठीपासून थोडी सरकलेली आहे. नातवंडांची आणखी सरकेल. उद्या कोणी शोधायला आलं तर त्याला काय सापडावं, हे ठरवणं आपल्या हातात आहे : एखादी कुळाची वही, एखादी पाककृती, नावागावासह जपलेला एखादा फोटो. तंजावरकरांनी भिंत वापरली, आपल्याकडे मोबाइल आहे.

वाचायला सुरुवात क्लार्क यांच्या कादंबरीपासून करा, ती छोटी आहे. असिमोव्ह नंतर. मराठीत डॉ. जयंत नारळीकरांची 'वामन परत न आला' जरूर वाचा. तिथे वसाहत नाही, पण एका विलयाला गेलेल्या संस्कृतीने मागे ठेवलेली वस्तू सापडते आणि तिच्यावरून तिच्या निर्मात्यांपर्यंत पोचायचं असतं. वाचताना एक कागद जवळ ठेवा आणि त्यावर तीनच गोष्टी लिहा : अखेरचं ठिकाण, न बदलणारी गोष्ट आणि गप्प बसलेला माणूस. शेवटचं प्रकरण येण्याआधी तुमचं उत्तर तयार असेल तर मला कळवा.