रापणीच्या दोरीवरची रिकामी जागा

मालवणकडच्या मच्छीमार घरात बापूस आणि झील यांचं भांडण बहुधा पहाटे पेटतं. बापूस रापणीला निघालेला असतो. झीलाला थोड्या वेळाने सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटकांना स्कूबा डायव्हिंगसाठी न्यायचं असतं.

पोराला कष्ट नकोत, असं बाहेरचे सहज म्हणतात. मला ते अन्यायाचं वाटतं. पण बापाचा राग समजायचा तर आधी रापण समजून घ्यायला हवी. जाळ्याची एक दोरी किनाऱ्यावर धरलेली असते. होडी जाळं सोडत अर्धगोल फिरते आणि दुसरी दोरी पुन्हा किनाऱ्याला आणते. मग दोन्हीकडून माणसं वाळूत टाचा रोवून ओढत राहतात. हे काम एकट्यादुकट्याचं नव्हेच. मासळीचे वाटे पडतात. जाळ्याचा, होडीचा, माणसांचा. ऐनवेळी दोरीला हात लावणारा म्हाताराही रिकाम्या हाताने घरी जात नाही. त्यामुळे एक झील दुसऱ्या धंद्याला गेला की दोरीवरची एक जागा रिकामी होते, आणि अशा जागा वाढल्या की सगळ्या वाडीचं जाळं किनाऱ्यावर पडून राहतं. बापाच्या जिव्हारी लागतं ते हे.

झीलाचा हिशोबही खोटा नाही. रापणीला मासळी किनाऱ्याजवळ यावी लागते. बांगड्या-तारल्यांचे थवे खोल पाण्यातच पर्ससीन जाळ्यांनी वेढून उचलले, तर दोरीला येणार काय? राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१चा. पर्ससीनवर कडक निर्बंध २०१६मध्ये आले, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७मध्ये बंदी घातली. तरी त्या उजेडाच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. शेजारच्या गोव्यात रापणकारांनी ट्रॉलरविरुद्ध लढा उभारला तो १९७०च्या दशकात. माथानी साल्ढाणा त्यात पुढे होते. म्हणजे हे दुखणं जुनं आहे, आणि ते बाप-लेकाच्या स्वभावातलं नाही. कायदा पाण्यावर पोचला नाही, त्याची किंमत ही घरं मोजतात.

वारा कुठून फिरला, पाणी कधी गढूळ होणार, हे ओळखायला झील बापाकडूनच शिकला. त्याच जोरावर तो आज पर्यटकांना सुखरूप वर आणतो. बापाने हे त्याला कधी तोंडावर सांगितलेलं नसतं.

पावसाळ्यात दर्या खवळतो, स्कूबाही बंद. मग पडवीत जाळं पसरलं जातं. बापूस फाटलेले आस विणतो, झील समोर बसून जाळं ताणून धरतो.