काटा खोटा की इंजिन आजारी?

शेंद्र्याच्या एमआयडीसीत २००१ साली स्कोडाची ऑक्टाव्हिया तयार होऊ लागली, तेव्हा शहरात फिरणाऱ्या साध्या मारुती ८००च्या डॅशबोर्डवर आरपीएमचा काटा नसे. रेस किती झाली, गिअर कधी टाकायचा, हे चालवणारा कानाने ओळखायचा. आज बहुतेक गाड्यांत काटा आहे. पण तो विचित्र वागू लागला की पहिला उपयोग अजूनही कानाचाच.

काटा इंजिनाला थेट जोडलेला नसतो. क्रँकशाफ्टबरोबर एक दातेरी चाक फिरतं. अनेक गाड्यांत त्यावर साठ दात्यांची जागा असते आणि दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात. शेजारचा सेन्सर दाते मोजतो, रिकाम्या जागेवरून फेरा ओळखतो, आणि इंजिनाचा कॉम्प्युटर तो आकडा मीटरला पाठवतो. जुन्या पेट्रोल गाड्यांत हा हिशेब इग्निशन कॉइलवरून व्हायचा: चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन ठिणग्या, म्हणजे ८०० आरपीएमला मिनिटाला १,६००.

आता जालना रोडच्या सिग्नलला गाडी उभी आहे आणि काटा वरखाली होतोय. आधी एसी बंद करा. मे महिन्यात कॉम्प्रेसर सुरू-बंद होताना काटा शे-दोनशेने हलतो, तो आजार नव्हे. सकाळी थंड इंजिन बाराशे-पंधराशेवर राहून हळूहळू साडेसातशे-आठशेला येतं, तेही ठीक. एसी बंद करूनही काटा हलत असेल तर आवाज ऐका. आवाजही चढत-उतरत असेल तर काटा खरं सांगतोय. थ्रॉटल बॉडीत काजळी साचलीय का, एखादा व्हॅक्यूम पाइप चिरलाय का, ते तपासून घ्या. आवाज एकसारखा आणि काटाच उड्या मारतोय, विशेषतः खड्ड्यात गाडी आदळल्यावर, तर बहुधा कनेक्शन सैल आहे, अर्थिंग खराब आहे किंवा मीटरच बिघडलंय. स्कॅनर लावला की शंका फिटते: स्कॅनरवर आकडा स्थिर आणि काटा नाचरा असेल तर इंजिनाला हात लावू देऊ नका.

चाळीसगावकडून कन्नडचा घाट चढताना रेस दिली, काटा झपकन वर गेला आणि वेग जागेवरच राहिला, तर मॅन्युअल गाडीत क्लच प्लेट घसरतेय. उलट घाट उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये काटा तीन हजारावर दिसला की काही जण पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करतात. हे कळकळीने सांगावंसं वाटतं: असं करू नका. गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर आजची इंजेक्शनची इंजिनं इंधन जवळजवळ बंदच करतात. चाकंच इंजिन फिरवतात आणि गाडी आवरली जाते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच, शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो.

एका लक्षणाकडे दुर्लक्ष नको. गाडी तापल्यावर काटा अचानक शून्यावर येतो, इंजिन बंद पडतं, आणि थंड झाल्यावर मुकाट चालू होतं. स्टार्टर फिरतानाही काटा जराही हलत नसेल तर पहिला संशय क्रँक सेन्सरवर घ्या. तो आणि त्याची वायर तपासल्याशिवाय घाटात गाडी घालू नका. मेकॅनिककडे जाताना काटा आणि आवाज दोन्ही येतील असा मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या, कारण गॅरेजमध्ये हा बिघाड बऱ्याचदा दिसतच नाही.